इतोएच्या मागे एक संध्याकाळ

इतोएची मुलगी हिसानो लग्न होऊन शिझुओकाला गेली, त्याच वर्षी हे घडलं. टोकियोचं ऑलिंपिक होऊन वर्ष झालं होतं. लग्न चेरी फुलल्या तेव्हा झालं आणि ही गोष्ट ऑक्टोबरातली. त्या दिवसांत अतामीत, त्या गरम झऱ्यांच्या गावात, कंपन्यांच्या आणि संघटनांच्या सहलींची रीघ लागते, आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर सरायांचे युकाते, म्हणजे सुती झगे, घातलेली माणसं लाकडी खडावा वाजवत हिंडत असतात.

सासरी निघताना हिसानो आईला म्हणाली होती, तुझ्यासाठी एक खोली रिकामी ठेवलीय, आता पुरे कर आणि ये. इतोए तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. तिनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवी इमारत तर होऊ दे, मग बघू, असं सांगून वेळ मारून नेली.

नवी इमारत म्हणजे शिओमीया सराईच्या मागच्या टेकडीवर उभी राहत असलेली पाच मजली सिमेंटची इमारत. जुनी सराई लाकडी, दुमजली, समुद्राकडे तोंड करून बसलेली. इतोए तिथे सतराव्या वर्षी कामाला लागली होती आणि आता खोल्यांवर काम करणाऱ्या सगळ्या बायांची म्होरकी होती. नव्या इमारतीची म्होरकीही आपणच होणार, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. एकदा दुपारी कुणी बघत नाही असं पाहून ती बांबूच्या परांचीवरून पाचव्या मजल्यावर चढून गेली होती. तिथून हात्सुशिमा बेट तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. पाहुण्यांसाठी खिडकीचं दार सरकवून हे बेट आपण दाखवायचं, एवढीच तिची हौस होती.

धाकटा मालक रेईजी याच्या मनात मात्र निराळं होतं. टोकियोच्या एका मोठ्या हॉटेलात दोन वर्षं काढून तो नुकताच परतला होता. माणूस वाईट नव्हता, पण सगळं डोळ्यांनी दिसलं पाहिजे असा त्याचा हट्ट. तो आईला म्हणाला की इतोए-सान थकली आहे, ती कधी घाईत दिसतच नाही. खोल्यांवरची ती तरुण मित्सुए बघ, दिवसभर पळत असते. नवी इमारत मित्सुएकडे देऊ आणि इतोएला शिवणखोलीत बसवू. युकाते शिवेल, गाद्यांच्या खोळी सांधेल, सुखात राहील. मालकीणबाई त्यावर कडाडल्या. तुला दिसत नाही म्हणून ती चालत नाही की काय, असं त्यांनी विचारलं. मायलेकांचा हा वाद चहाच्या खोलीत चालला होता आणि त्या खोलीची दारं कागदाची. सगळ्या सराईनं तो ऐकला. इतोएनंही ऐकला.

तिचे कान तापले. शिवणखोली मागच्या बाजूला होती, समुद्राचा आवाजही तिथे येत नसे. तिथे बसवलेली बाई पुन्हा पाहुण्यांसमोर आलेली इतोएनं चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. तिनं ठरवून टाकलं. ज्या दिवशी हातात सुई देतील, त्या दिवशी शिझुओकाची गाडी धरायची.

अशात असाकुसाच्या पादत्राणवाल्यांची संघटना दोन रात्रींच्या मुक्कामाला आली. ऐंशी माणसं, आणि त्यांचे प्रमुख कुराहाशी-सान, पिंपासारखे गोल आणि आवाज बैठकीच्या सभागृहातून थेट स्वयंपाकघरात पोचणारा. त्यांनी येताना एक खोकं आणलं होतं. त्यात डबीएवढी यंत्रं होती. वर घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर एकच मोठा काटा, मागे कमरपट्ट्याला अडकवायची पट्टी. माणूस चालला की आत काहीतरी टिकटिक करतं आणि काटा सरकतो. तबकडीचा पूर्ण फेरा म्हणजे दहा हजार पावलं. कुराहाशी-सान सांगत होते की टोकियोत हल्ली याचं वेड लागलंय, डॉक्टरही म्हणतात माणसानं दिवसाला एक फेरा पुरा करावा. वर डोळे मिचकावून म्हणाले, "माणसं चालली की बूट झिजतात. बूट झिजले की आम्ही जगतो. इतकं चांगलं यंत्र जगात दुसरं झालं नाही."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांमध्ये शर्यत लावायची ठरली. रेईजीनं त्यांच्याकडून दोन यंत्रं मागून घेतली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. एक इतोएचं, एक मित्सुएचं. सकाळच्या न्याहारीपासून दिवसाचं काम संपेपर्यंत लावायचं. जिचा काटा पुढे जाईल, तिची नवी इमारत. मालकीणबाईंनी कबूल केलं, मात्र नंतर कुरकुर चालणार नाही असं बजावलं.

मित्सुए बिचारी गोरीमोरी झाली. तेवीस वर्षांची दणकट पोर, मच्छीमाराच्या घरातली. ती इतोएला नेसान, म्हणजे थोरली बहीण म्हणायची. पण इतोएला उलट हुरूप चढला. शाळेत असताना तिनं पळण्याच्या शर्यतीत मुलग्यांनाही मागे टाकलं होतं, हे ती अजून विसरली नव्हती. तिनं यंत्र कमरपट्ट्यात घट्ट खोचलं आणि मित्सुएला सांगितलं, "माझी दया करून हळू चाललीस तर खबरदार. कान उपटीन."

सकाळ कशी गेली ते कुणालाच कळलं नाही. ऐंशी माणसांची न्याहारी, मग गाद्या उचलणं, चटया झाडणं, फुलदाण्या, टॉवेल, चहाचे डबे. मित्सुए जिन्यावरून धडाधड चढत होती आणि धडाधड उतरत होती. मुख्य आचारी काकुझो तिचा आवाज ऐकून आमटीचं भांडं चुलीवरून उतरवायचा, इतका तो आवाज ठरलेला होता. इतोएचा आवाज नव्हता, पण ज्या खोलीत जावं तिथे ती आधीच येऊन गेलेली असे. तिच्या मनात सारखं येत होतं, आता काटा कुठवर आला असेल. पण दुपारपर्यंत बघायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं, जसं मूल खाऊ शेवटी खायचा म्हणून मुठीत ठेवतं.

दुपारी सगळे स्वयंपाकघरात जमले. मित्सुएचा काटा अर्धा फेरा ओलांडून गेला होता. बायांनी टाळ्या पिटल्या. मग इतोएनं आपलं यंत्र बाहेर काढलं.

काटा पहिल्या खुणेपर्यंतही पोचला नव्हता.

मग काकुझोला राहवलं नाही. "इतोए-सान, सकाळपासून कुठे पडून होतात? आम्हालाही जागा दाखवा की."

सगळे हसले. इतोएही हसली, पण तिनं यंत्र कानाशी नेऊन हलवून पाहिलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून अदलाबदल केली. मित्सुएनं इतोएचं यंत्र लावून अंगणात पळत चार-पाच चकरा मारल्या, काटा शहाण्यासारखा सरकला. यंत्रात काही खोट नव्हती.

मित्सुएनं तिला मागच्या पडवीत ओढत नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नेसान, तुम्ही पाऊल उचलतच नाही. कंबर तर हलतच नाही. हे यंत्र हिसक्यावर चालतं. असं चाला, बघा." आणि तिनं धप धप चालून दाखवलं.

खरं होतं ते. सतराव्या वर्षी इतोए आली तेव्हा जुन्या मालकीणबाई, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या सासूबाई, पडवीकडे पाठ करून बसायच्या आणि नव्या पोरींना काठोकाठ भरलेली वाटी घेऊन मागून जायला लावायच्या. आवाज आला की म्हणायच्या, परत. पाणी सांडलं की म्हणायच्या, परत. पाऊल चटईवरून सरकवत न्यायचं, टाच उचलायची नाही, जेवणाचा छोटा चौरंग डोळ्यांच्या उंचीला धरायचा म्हणजे अन्नावर श्वास पडत नाही, आणि कंबर पाण्यावरच्या होडीसारखी एका पातळीत न्यायची. वर्षभर रडून इतोए ते शिकली होती. नंतर ते शिकलेलं आहे हेही ती विसरून गेली. तिला वाटायचं, सगळी माणसं अशीच चालतात.

तिनं चहाचं तबक हातात घेतलं आणि मित्सुएनं दाखवलं तशी धप धप चालू लागली. काटा सरकला. ती आणखी जोरात चालली. पेले एकमेकांवर आपटले, चहा तबकात सांडला आणि तो तिच्या मनगटावरून बाहीत शिरला. एका खोलीचं दार सरकलं, एका पाहुण्यानं घाबरून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं की भूकंप होतोय का. मित्सुए खांबाला धरून हसत सुटली. इतोएला मात्र भर रस्त्यात कमरपट्टा सुटावा तसं झालं. तिनं पाहुण्याची माफी मागितली, तबक पुसलं आणि ठरवलं, असं चालून जिंकायचं असेल तर ते आपल्याला नको.

स्वयंपाकघरात परतली तेव्हा रेईजी आलेला होता. त्यानं तबकडी पाहिली होती. तो खूश नव्हता, उलट अवघडला होता. मान खाली घालून म्हणाला की शिवणखोलीत दुपारी ऊन छान येतं, इतोए-सानच्या गुडघ्यांना बरं वाटेल.

तो टोचून बोलला असता तर तिनं सहन केलं असतं. ही कीव तिला सहन झाली नाही.

"रेइचान," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातली सुरी थांबली. धाकट्या मालकांना ती त्या लाडाच्या नावानं तेव्हा हाक मारायची, जेव्हा त्यांना पाठुंगळीला बांधून ती पायऱ्या पुसत असे. त्यानंतर कधीच नाही.

"यंत्राला मी दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. ठीक आहे. मग हे तुमच्या पट्ट्याला लावा आणि या माझ्या मागे. मी जाईन तिथे, दिवसाचं काम संपेपर्यंत. मी बसले तर तुम्हीही बसा. काटा फिरेल तो माझा."

रेईजीला हसू आलं. म्हणजे मी नुसतं मागे यायचं, हातात काही न घेता, असं त्यानं विचारलं. नुसतं यायचं, ती म्हणाली. आणि मित्सुएचा अर्धा फेरा तिचाच राहू द्या, मी शून्यापासून धरते.

"अहो नेसान, काय बोलताय," मित्सुए म्हणाली. पण काकुझोनं सुरी पाटावर ठोकून जाहीर केलं की ठरलं, आणि दारातून मालकीणबाईंचा आवाज आला, "रेईजी, पायमोजे नीट ओढून घे. चटईवर घसरशील."

काटा शून्यावर आणला गेला. इतोएनं बाहीला बांधायची दोरी आवळली आणि निघाली.

पहिला तास रेईजी मजेत होता. पाहुणे फिरून परतत होते. प्रत्येक खोलीत चहा, चहाबरोबर गोड पोळी, युकाता लहान पडला म्हणून मोठा, मोठा झाला म्हणून मधला, गरम कुंडाकडे जाताना टॉवेल. त्याला लांब टांगा टाकायची सवय, पण तिच्या मागून तशा टाकल्या की तिच्या पाठीवर आदळायची वेळ यायची. त्याला बारीक बारीक पावलं टाकावी लागली आणि पट्ट्यातलं यंत्र टिकटिकत सुटलं. तो तिच्या पाठीकडे बघत चालला होता. ती घाई करत नव्हती. ती थांबतही नव्हती. हे दोन्ही एकदम कसं होतं ते त्याला समजेना.

संध्याकाळ झाली आणि वरच्या सभागृहात मेजवानी सुरू झाली. ऐंशी चौरंग खालून वर न्यायचे. मग सूप, मग तळलेले मासे, मग वाफवलेली अंडी. आणि साके, म्हणजे तांदळाची दारू. साकेच्या गरम सुरया वर जात होत्या, रिकाम्या खाली येत होत्या. रेईजीचा कोट उतरला, मग टाय उतरला. पाहुण्यांना ही भानगड कळली आणि सभागृहात एकच गलका झाला. कुराहाशी-सान जेवण सोडून जिन्याच्या तोंडाशी येऊन बसले. इतोए वर आली की पाहुणे मान डोलवायचे, आणि मागून रेईजी धापा टाकत आला की टाळ्या. नाचायला बोलावलेल्या गेइशाही शामिसेन, त्यांचं तीन तारांचं वाद्य, बाजूला ठेवून बघायला आल्या.

"धाकटे मालक, चपळाई दाखवा, बूट मी देतो," कुराहाशी-सान ओरडले.

एकदा रेईजी जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकला. ती खाली जाऊन वर येणारच आहे, मग आपण इथेच थांबू, असा त्याचा विचार. ऐंशी माणसं एका सुरात म्हणाली, "खाली." तो उठला आणि गेला.

इतोएच्या अंगात वारं भरलं होतं. तिचे गाल तापले होते. मागून त्याचा श्वास ऐकू येई, शेजारून मित्सुए धडधडत जाई आणि जाताना, "नेसान, मी एक फेरा पुरा केला," असं सांगे, आणि इतोएच्या तळव्यांना जणू पंख फुटत. चौरंग डोळ्यांच्या उंचीला होता आणि सूप हलत नव्हतं. चाळीस वर्षांत तिला कुणी चालताना पाहिलं नव्हतं. आज सगळे पाहत होते आणि तिला ते आवडत होतं, हे कळून तिला स्वतःचंच हसू आलं.

मेजवानी आवरली. चौरंग खाली आले. मग ऐंशी गाद्या, ऐंशी पांघरुणं, उशा. गाद्या घालून झाल्या तशी मित्सुए स्वयंपाकघरात धपकन बसली आणि चहाचा पेला तोंडाला लावून म्हणाली की आता देव आला तरी उठणार नाही. मालकीणबाईंनी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी धरली. कुराहाशी-सान चष्मा पुसून वाकले. मित्सुएचा काटा एक फेरा पुरा करून वर चांगला पाव फेरा गेला होता. रेईजीचाही फेरा पुरा झाला होता, पण काटा मित्सुएच्या दोन बारीक खुणा मागे होता.

सगळ्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला. मित्सुएचे डोळे भरून आले. रेईजी भिंतीला टेकून खाली घसरत होता.

"बसू नका," इतोए म्हणाली. "काम कुठे संपलंय?"

गाद्या झाल्या ना, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, विस्तवाची फेरी राहिली. पंधरा वर्षांपूर्वी अर्धं अतामी जळालं तेव्हापासून ती रोज प्रत्येक खोलीतल्या रक्षापात्रात बोट घालून बघत असे, चुली बघत असे, कुंडाखालची भट्टी बघत असे, आणि मागचं गोदामही. तिला कुणी ते सांगितलं नव्हतं. कुणाला ठाऊकही नव्हतं. तिनं यंत्र पुन्हा त्याच्या पट्ट्याला अडकवलं.

"मित्सुए, येतेस?"

मित्सुएनं उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. म्हणाली, "नेसान, पाय गेले. तुम्ही जा."

ते दोघं निघाले. वरचा मजला, खालचा मजला, पडवी, भट्टी, अंगणातून गोदाम. पाहुणे युकाते सावरत मागून रांगेनं आले, जणू देवाची पालखीच निघाली होती. गोदामाच्या दारापाशी कुराहाशी-साननी कंदील रेईजीच्या कमरेजवळ धरला, आणि त्यांचा तो आवाज टेकडीवर आपटून परत आला. काटा मित्सुएच्या खुणेपुढे गेला होता. फार नाही, पण गेला होता.

रेईजी गोदामाच्या पायरीवर बसला. यावेळी कुणी त्याला उठवलं नाही.

"ही फेरी रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

"आणि उद्या सकाळी न्याहारी."

"उद्या भाताबरोबर सुके मासे आहेत. पाच वाजता उठायचं."

त्यानं पायमोजे काढून झटकले. मग रांगेत मागून आलेल्या आईला म्हणाला की नवी इमारत इतोए-सानची, त्याबद्दल आता बोलणं नको. पण तिथे पाच मजले आहेत. नकाशात चौरंग वर न्यायची लिफ्ट मी काढून टाकली होती, ती परत घालायची. असा जिना मी कुणालाही चढायला लावणार नाही. इतोएनं मान ताठ करून सांगितलं की तिला लिफ्टची गरज नाही.

आपल्या खोलीत गेल्यावर मात्र तिला गुडघे वाकवता येईनात. मित्सुए लंगडत आली, तिच्या पोटऱ्या चेपू लागली आणि म्हणाली, "धाकट्या मालकांचं सगळंच खोटं नव्हतं म्हणायचं."

"गप बस," इतोए म्हणाली. मग दुसरा पाय पुढे करून म्हणाली, "लिफ्ट असू दे."

पुढच्या वसंतात नवी इमारत उघडली. इतोएनं तिथे आठ वर्षं काम केलं आणि मग मित्सुएच्या हाती सगळं सोपवून ती मुलीकडे राहायला गेली. मालकीणबाई १९७५ च्या उन्हाळ्यात गेल्या. इतोए १९८१ च्या फेब्रुवारीत, शिझुओकाला हिसानोच्या घरी वारली.